तुम्ही विचारलंत म्हणून: धरलेला बिबट्या लांब का सोडत नाही?

वनखात्यातून निवृत्त झालो तरी हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, अगदी दाढीला बसलो तरी गळ्याशी वस्तरा धरून न्हावी विचारतो, "भाऊसाहेब, पिंजरा लावता, बिबट्या धरता, मग नेऊन सोडा की लांब जंगलात. काय अडतं?" नोकरीत असताना विचारणाऱ्याची शेळी नुकतीच गेलेली असायची आणि माझा पंचनामा अर्धा राहिलेला असायचा. नीट उत्तर द्यायला तेव्हा सवड नव्हती.

तर, लांब सोडून झालंय. जुन्नर भागात 2001 पासून दोन-अडीच वर्षं तेच चाललं होतं. धरलेल्यांपैकी 29 बिबटे सरासरी चाळीस किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले. पुढे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला. आधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले व्हायचे, ते सतरावर गेले. ओळखीचा मुलूख सुटलेलं, पिंजऱ्यात धडका मारून तोंड फोडून घेतलेलं जनावर परक्या गावाच्या वेशीवर सोडल्यावर दुसरं काय होणार? आणि इकडे रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही, दुसरा येऊन बसतो.

बरं, सोडलाय तिथे तो राहील, हेही आपलंच म्हणणं. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या एका वयस्क नराला माग कळवणारी कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. आजोबा म्हणायचे त्याला. महिन्याभराच्या आत शंभराहून जास्त किलोमीटर चालत गडी मुंबईला, संजय गांधी उद्यानात! वाटेत कुणाला ओरखडासुद्धा नाही. 2011 मध्ये मेला तो महामार्गावर, गाडीखाली.

आता तुम्ही म्हणाल, बिबट्याचं घर जंगल. आमच्याकडच्याचं घर ऊस आहे. कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, वर्ष-सव्वा वर्ष त्या फडात कुणी शिरत नाही. आत गारवा, पाटाला पाणी, वस्तीवर कुत्री. मादीला आणखी काय हवं? तिथेच जन्मलेल्या पिल्लानं जंगल पाहिलेलंच नसतं.

खरं काम सुरू होतं ऊसतोडीला. नारायणगावच्या बाजूचा एक फड आठवतो. सकाळी दहाच्या सुमाराला कोयते थांबले आणि फोन आला. गेलो तर पाचटात तीन बछडी, मांजराएवढी, फिस्कारतायत. भोवती शंभर माणसं, निम्म्यांचे मोबाइल वर. एक पोरगा पिल्लू उचलून फोटो काढत होता. त्याच्या हातून ते सोडवणं हे त्या दिवसाचं सगळ्यात अवघड काम. बिबट्या अंगावर येतो तेव्हा निदान काय करायचं ते ठाऊक असतं!

माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातून डॉक्टर आले, तपासणी केली, ओळखीसाठी कातडीखाली चिप बसवली. पिल्लं नेली असती तर आई दोन-चार रात्री वस्त्या धुंडाळत फिरली असती, आणि तशा मादीच्या वाटेत माणूस येणं सगळ्यात वाईट. म्हणून मुकादमाला म्हटलं, आज कोयता बंद. तो भडकला. टोळीची रोजी बुडणार, कारखान्याची गाडी उभी. त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्या टोळीतल्या एका बाईनं बैलगाडीखाली लुगड्याच्या झोळीत तान्हं निजवलं होतं. आमचं बोलणं चालू असताना तिनं झोळी सोडली, मूल कडेवर घेतलं आणि काही न बोलता रस्त्यापलीकडे जाऊन बसली. मुकादमानं तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

दिवस मावळायला टोमॅटोच्या कॅरेटमध्ये पिल्लं ठेवून ती सापडली होती त्याच जागी कॅरेट मांडलं, रात्री आई येऊन नेईल म्हणून. शेजारी कॅमेरा बांधला. मग उरलं ते फक्त लोकांना रोखून धरणं. बीटवर मी एकटा, मदतीला गावातली दोन पोरं. एक शेतकरी मोटार चालू करायला निघाला होता, कारण त्याच्या पंपाला वीज यायची रात्रीच. त्याला बांधावर बसवून चहा पाजला आणि पाणी एक पाळी चुकल्याबद्दल शिव्या ऐकल्या. दिवसा वीज दिली तर माझी निम्मी गस्त वाचेल, असं मी त्या काळात कितीदा लिहून दिलंय.

माणसावर हल्ला करणारं जनावर ओळखू आलं तर पिंजरा लावतोच, वरून परवानगी घेऊन. बिबट्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, मनात आलं म्हणून धरता येत नाही. तसा धरलेला माणिकडोहला जातो आणि बहुधा तिथेच म्हातारा होतो. पण तिथली जागा मोजकीच. सगळ्या तालुक्याचे बिबटे कुठे ठेवायचे, ते मग विचारणाऱ्यानंच सांगावं.

पहाटे कॅमेरा काढला. एक वाजून काही मिनिटांनी ती आली, कॅरेट पंजानं आडवं केलं, एक उचललं. मग दुसरं. तिसऱ्यासाठी पाऊण तास लावला, तेवढा वेळ त्या पिल्लानं कॅरेटची एक पट्टी चावून काढली होती. मुकादम माझ्या खांद्यावरून बघत होता.

"गेली कुठल्या कडेनं?"

"ओढ्याच्या अंगाला."

"मग इकडनं लावू का तोड?"

लावा म्हटलं.