पावलांची नोंदवही : महिना तिसरा

या महिन्यात आमच्या गेममधल्या एकाही बंदुकीच्या आवाजाला हात लावला नाही. सगळा वेळ पावलांच्या आवाजावर गेला, आणि जिने अजून बाकीच आहेत.

नव्यांसाठी थोडक्यात: आम्ही तिघं मित्र फावल्या वेळात चार विरुद्ध चार असा गेम करतोय. नकाशा एकच, दुमजली गोदाम. आवाजाचं काम माझ्याकडे. एकट्याने खेळायच्या गेममध्ये पावलं वातावरणात मिसळून गेली तरी चालतं. इथे पाऊल म्हणजे खबर. भिंतीपलीकडे कुणी आहे का, पळतोय की दबकत येतोय, हे डोळ्यांआधी कानाला कळायला हवं. खबर चुकीची निघाली तर खेळाडू हकनाक मरतो आणि त्याचं चिडणं रास्तच असतं.

रेकॉर्डिंग रात्री उशिरा, पंखा आणि फ्रिज बंद करून. लाकडी फळी, लोखंडी पत्रा, ट्रेमध्ये खडी. बूट पायात न घालता हातात धरले, म्हणजे टाच आणि चवडा वेगवेगळे घेता येतात. पत्र्याने सर्वांत जास्त छळलं. टाच उचलल्यावरही तो अर्धा सेकंद किणकिणत राहायचा. पळताना सेकंदाला साधारण तीन पावलं पडतात, म्हणजे पहिल्याची किणकिण विरायच्या आत दुसरं येऊन आदळतं आणि सगळ्याचा मिळून एक लांबलचक खणखणाट होतो. मोजता काहीच येत नाही. शेवटी पत्र्याखाली जाड टॉवेल घातला आणि प्रत्येक आवाजाची शेपटी १८० मिलिसेकंदांवर कापली. आता पावलं सुटी सुटी ऐकू येतात.

आधी प्रत्येक पृष्ठभागाला चारच आवाज होते. जरा वेळ पळलं की कानाला ते पाठ व्हायचे. आता आठ टाचा आणि आठ चवडे आहेत, म्हणजे जोड्या ६४. लागोपाठ तीच जोडी येऊ द्यायची नाही आणि पिच (आवाजाची पट्टी) अर्धा सेमीटोन, म्हणजे पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याने, वरखाली हलवायचा, एवढ्यावर भागलं. चवड्याची घासट मुद्दाम ३ किलोहर्ट्झच्या आसपास उठावदार ठेवली आहे. आपला कान २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये सर्वांत तिखट असतो, आणि स्फोटाच्या घरघराटातूनही तेवढी घासट वर येते.

आता मजल्यांचं. डावं-उजवं सोपं आहे: आवाज एका कानाला आधी आणि मोठा पोचतो. वर-खाली मात्र दोन्ही कानांना सारखंच. तिथे मेंदू कानाच्या पाळीच्या वळणांमुळे आवाजात पडणाऱ्या बारीक फरकांवर विसंबतो. गेम ज्यावर चालतो त्या इंजिनमधलं एचआरटीएफ (आवाज कुठल्या दिशेने आला की कानात कसा बदलतो याचं गणित) तेच फरक उभे करतं, पण ते मोजलेले असतात दुसऱ्याच कुणाच्या कानांवर. आमच्या चाचणीत एका मित्राला मजला अचूक कळायचा, दुसऱ्याला वरचा माणूस सतत पाठीमागे वाटायचा. म्हणून मी आवाजच वेगळे केले. डोक्यावरच्या पावलात फळीची करकर आणि बोदा धपका, खालच्या पावलात पोकळ घुमारा. शिवाय मध्ये छत असलं की ९०० हर्ट्झचा लो-पास फिल्टर, म्हणजे त्यावरचे तीक्ष्ण सूर दाबणारी गाळणी. वास्तवाशी हे तंतोतंत जुळत नाही, तरीही मला हेच बरोबर वाटतं: इथे खरेपणापेक्षा ओळख पटणं मोठं.

सर्वांत मोठा धडा नेटवर्कने दिला. पावलं आम्ही नेटवर्कवरून पाठवतच नाही. खेळाडू किती सरकला ते पाहून प्रत्येक मशीन आपापली वाजवतं. उडीनंतर जमिनीवर आदळल्याचा आवाज मात्र सर्व्हरच्या इव्हेंटवर होता, म्हणजे सगळ्यांचा खेळ जुळवणाऱ्या मुख्य मशीनकडून निरोप आला की वाजायचा. घरी तो मला सारखा मोठा वाटायचा, म्हणून दोन आठवडे मी त्याची पातळी कमी करत राहिलो. मग दूरच्या मित्रासोबत खेळलो तर त्याला तो दोनदा ऐकू आला, धप्प-धप्प. त्याच्या क्लायंटने (त्याच्या मशीनवर चालणाऱ्या गेमने) लगेच वाजवलेला एक, आणि सर्व्हरकडून परत आलेला दुसरा. माझ्या मशीनवर सर्व्हर आणि क्लायंट एकत्रच चालत असल्याने दोन्ही एकाच क्षणी वाजत होते. तोच आवाज तंतोतंत स्वतःवर पडला की ६ डेसिबल वाढतो. माझ्या कानाला खटकत होतं ते हेच! आता ज्याची उडी त्याचं मशीन सर्व्हरचा तो इव्हेंट सोडून देतं, आणि पातळी पुन्हा मूळ जागी आणली आहे. तेव्हापासून प्रत्येक नवा आवाज मी मुद्दाम १०० मिलिसेकंदांचा लॅग (नेटवर्कचा उशीर) लावून ऐकतो.

जिन्यांवर सध्या घोळ आहे. सरकलेलं अंतर आम्ही फक्त आडवं मोजतो, त्यामुळे चढताना पावलं कमी वाजतात आणि तीही पाय हवेत असताना. अंतराचा हिशेब सोडून पायरीला एक पाऊल अशी खूण घालायला घेतली आहे. सहा पायऱ्या झाल्या, वरच्या बारा उरल्यात.