रिकर्शनची मर्यादा: ओ-टू बिल्डचं भूत सापडलं

मंडळी, आपल्या छोट्या भाषेच्या इंटरप्रिटरमध्ये (प्रोग्रॅम वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच कॉल करणं, किती खोल जाऊ शकतं हे शोधताना अडलेलं घोडं एकदाचं पुढे सरकलं. टेस्ट प्रोग्रॅम तोच जुना: फंक्शन स्वतःलाच कॉल करतं आणि परतताना एक मिळवतं. स्टॅकही (चालू कॉल्सची माहिती ठेवणारी मेमरी) तोच, ८ एमबीचा. ऑप्टिमायझेशन बंद ठेवलेलं बिल्ड निवांत खोल जायचं आणि ओ-टूचं (कंपायलरने वेगासाठी सुधारलेलं) बिल्ड दोन हजार कॉलच्या आसपास सेगफॉल्ट (मेमरीच्या हद्दीबाहेर गेल्याचा क्रॅश) खाऊन आडवं व्हायचं. व्हायला हवं नेमकं उलटं!

जीडीबी या डीबगरच्या बॅकट्रेसमध्ये (चालू कॉल्सच्या यादीत) वावगं काहीच दिसेना. इव्हॅल (एक्स्प्रेशनची किंमत काढणारं आपलं फंक्शन), इव्हॅल, इव्हॅल, कॉल, पुन्हा तेच. (इतक्या फ्रेम, म्हणजे एकेका कॉलच्या स्टॅकवरच्या जागा, बघायच्या तर 'बीटी -५' द्या, सगळ्यात बाहेरच्या पाच फ्रेम मिळतात. खिडक्या-बटणांचे डीबगर इथे नुसते गोठून बसतात.) मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनांपैकी व्हॅलग्रिंडच्या नादी लागू नका. ॲड्रेस सॅनिटायझर एरवी कामाचा, पण तो फ्रेमच फुगवतो, त्यामुळे त्याचा आकडा इथे बाद.

उपयोगी पडला तो जीसीसी या कंपायलरचा 'एफस्टॅक-युसेज' फ्लॅग. प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलसोबत एक छोटी मजकूर फाइल पडते आणि तिच्यात फंक्शनगणिक फ्रेमचे बाइट लिहिलेले असतात. इव्हॅलसमोर आकडा होता १२९६. आत तर चार पॉइंटर आणि एक स्विच! मग उलगडलं. एररचा मजकूर जुळवणारं एक स्टॅटिक फंक्शन आहे, त्यात १०२४ बाइटचा बफर. ते एकाच ठिकाणाहून कॉल होतं, म्हणून कंपायलरने ते इव्हॅलमध्ये इनलाइन करून (कॉलऐवजी त्याचा कोडच तिथे चिकटवून) टाकलं. एरर येवो न येवो, इव्हॅलची प्रत्येक फ्रेम तो किलोबाइट वागवत होती. आपल्या भाषेतला एक कॉल म्हणजे इव्हॅलच्या तीन फ्रेम (इफ, बेरीज, कॉल) आणि वर कॉल फंक्शनचे १६०. एकूण ४०४८ बाइट. ८ एमबीला त्याने भागा, २०७२ येतात. हिशेब चोख जुळला.

त्या फंक्शनवर 'नोइनलाइन' लावलं. इव्हॅल २०८ बाइटवर आला आणि खोली दहा हजारांच्या पार गेली. एका शब्दाची करामत! ती आउटपुटची ओळ मी उगाचच पुन्हा पुन्हा चालवून पाहिली.

हार्नेसही (चाचण्या चालवणारी स्क्रिप्ट) बदललाय. सीपायथनच्या (पायथनचा मूळ, सीमधला इंटरप्रिटर) सोर्ससोबत येणारी मर्यादा शोधायची स्क्रिप्ट शंभर-शंभरने वर चढते. मी प्रत्येक चाचणी वेगळ्या चाइल्ड प्रोसेसमध्ये टाकून बायनरी सर्च (दरवेळी टप्पा निम्मा करत शोध) करतो. सेगफॉल्टने हार्नेस मरत नाही, शेलला १३९ हा एक्झिट कोड दिसला की सेगफॉल्ट झाला समजायचं. शेवटचा आकडा मात्र थोडा हलतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सही त्याच स्टॅकवर बसतात, त्यामुळे ती वाढली की खोली घटते.

इथवर आल्यावर मर्यादा पाच हजार ठेवून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. पण हे लिहितानाच खटकलं: कॉल मोजून उपयोग काय? बेरजेच्या आत गुणाकार, त्याच्या आत पुन्हा बेरीज अशा बऱ्याच थरांच्या आत कॉल असा प्रोग्रॅम दिला की एका पातळीला इव्हॅलच्या फ्रेम वाढतात आणि पाच हजारांआधीच स्टॅक संपू शकतो. संपतात ते बाइट. पायथनची डीफॉल्ट मर्यादा १००० आहे आणि ती कॉलच मोजते, पण ३.११ पासून साध्या पायथन-ते-पायथन कॉलला सीचा स्टॅक लागतच नाही, म्हणून तिथे मोजणं परवडतं. आपला इव्हॅल्युएटर झाडावर चालणारा (प्रोग्रॅमच्या झाडाच्या प्रत्येक फांदीसाठी स्वतःलाच कॉल करणारा), त्याला ती चैन नाही.

म्हणून पाच हजार रद्द. मेन सुरू होताना एका लोकल व्हेरिएबलचा पत्ता टिपायचा, प्रत्येक इव्हॅलमध्ये आत्ताच्या पत्त्याशी वजाबाकी करायची आणि गेटआरलिमिटने (सिस्टमच्या मर्यादा सांगणारा कॉल) दिलेल्या स्टॅकच्या मापातून २५६ केबी राखून एरर द्यायची. एक वजाबाकी, एक तुलना, वेगात फरक जाणवू नये. थ्रेडसाठी माप वेगळं घ्यावं लागेल. मस्ल या सी लायब्ररीवर थ्रेडचा डीफॉल्ट स्टॅक १२८ केबी, म्हणजे माझी राखीव जागाच त्याहून मोठी! तिथे टक्क्यांत राखावं असं वाटतंय.

एक नवं दुखणंही निघालंय. साध्या लूपने लिस्टमध्ये लिस्ट अशी लाखभर खोल रचना केली, रिकर्शनचा पत्ता नाही, आणि प्रोग्रॅम संपताना मेमरी सोडणारं फंक्शन कोसळलं, कारण आतल्या प्रत्येक लिस्टसाठी ते स्वतःलाच कॉल करतं. तिथे एरर देऊन भागत नाही, मेमरी तर सोडायलाच हवी. सीपायथन यासाठी 'ट्रॅशकॅन' वापरतं: ठरावीक खोलीनंतर ऑब्जेक्ट एका यादीत टाकायचे आणि वर परतल्यावर सोडायचे. पत्त्याची तपासणी तूर्त बाजूला, आधी हे.