परत सांगा बरं, मावशी

यकृताच्या कर्करोगावर ‘टेस’ करून आलेले रुग्ण आमच्या वॉर्डात नेहमी असतात. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीपर्यंत नेतात, तिथे केमोचं औषध सोडतात आणि गाठीचा रक्तपुरवठा तोडतात. पुढचे तास आम्हा नर्सेसचे. पाय सरळ ठेवलाय ना, जांघेत सूज येतेय का, पावलावर नाडी लागते का, लघवी किती झाली. ताप, उजव्या बरगडीखालचं दुखणं, मळमळ हे पहिले काही दिवस बऱ्याच जणांना होतंच. वॉर्डात या सगळ्यावर आमची नजर असते. मला घोर असतो तो घरी गेल्यानंतरचा.

साताऱ्याकडचे एक काका होते. हिपॅटायटिस बी या विषाणूचा संसर्ग, त्यातून सिरॉसिस म्हणजे यकृत आतून कडक होणं, त्यातून गाठ. डिस्चार्जच्या दिवशी मुलाने कागदांवर सह्या केल्या, “सगळं समजलं सिस्टर” म्हणाला आणि बिलाच्या रांगेत गेला. मी मावशींना विचारलं, “घरी औषधं कोण देणार?”

“मीच की. ह्यो पुण्याला असतो.”

मग मावशींनाच खुर्ची दिली. “आत्ता जे सांगितलं ते तुमच्या शब्दांत मला परत सांगा बरं.”

मावशी म्हणाल्या, “ते गोड औषध हाय ना, संडास पातळ झाली की थांबवायचं. पिवळं काही द्यायचं नाही. हळद, डाळ, अंडी बंद. उसाचा रस द्यायचा. आन् दुखलं तर ही गोळी.” पिशवीतून त्यांनी डायक्लोफेनॅकची पट्टी काढली. गावातल्या मेडिकलमधून आणलेली.

त्या बाईंनी ऐकण्यात काहीच कसूर केली नव्हती. आमचं सांगणं त्यांच्या डोक्यातल्या काविळीच्या पथ्यात जाऊन बसलं होतं, इतकंच. सही घेऊन आपण मोकळे होतो, पण हे सहीत दिसत नाही.

एकेक करून पुन्हा घेतलं. ते गोड औषध म्हणजे लॅक्टुलोज. आतड्यात तयार होणारा अमोनिया आजारी यकृताला निस्तरता येत नाही, तो मेंदूपर्यंत जातो. म्हणून दिवसाला दोन-तीनदा मऊ शौचाला व्हायलाच हवं. त्याहून जास्त झालं तर डोस कमी करायचा, तोही आम्हाला विचारून. डाळ, अंडी, दूध हवंच, नाहीतर अंगातलं मांस झडतं. झोपण्याआधी काहीतरी खायला द्यायचं. मीठ कमी. डायक्लोफेनॅक अजिबात नाही, मूत्रपिंडाला धोका आणि पोटात रक्तस्रावही होऊ शकतो. पॅरासिटामॉलला लोक उगाच घाबरतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत, काकांसाठी दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, ती चालते. काळी शौच, रक्ताची उलटी, थंडी वाजून ताप, बोलण्यात गोंधळ यांतलं काहीही दिसलं तर थेट निघायचं. मुलाची हिपॅटायटिस बीची तपासणीही झालेली नव्हती. रांगेतून परतल्यावर त्याला रक्त तपासून घ्यायला पाठवलं.

मावशींनी सगळं परत सांगितलं, दोनदा अडखळल्या, तिसऱ्यांदा नीट.

त्याच आठवड्यात वॉर्डच्या फोनवर त्यांचा आवाज आला. “ताई, हे दिवसा झोपत्यात, रातभर जागं. सदऱ्याची बटणं खालीवर लावली. कालपासून शौचाला झाली नाही.”

एवढी नेमकी हिस्टरी, म्हणजे लक्षणांची हकिकत, कधीकधी रेफरलच्या चिठ्ठीतही नसते. मी लगेच ड्यूटीवरच्या डॉक्टरांना कळवलं आणि मावशींना काकांना घेऊन ताबडतोब निघायला सांगितलं. काका आले तेव्हा हात पुढे धरून पंजे मागे वळवले की झटके येत होते, अमोनियाचा मेंदूवर परिणाम झाल्याची खूण. एनिमा, लॅक्टुलोज, सलाईन, संसर्गाचा शोध. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला मुलाचं नाव सांगितलं आणि चहा मागितला.

तेव्हापासून माझ्या पाळीत डिस्चार्जच्या आधी घरी औषध देणारं माणूस कोण, हे विचारल्याशिवाय फाइल बंद होत नाही. ते माणूस गावी असेल तर मुलाच्या मोबाइलवरून फोन लावायला लावते, आणि त्या माणसाकडूनही सगळं परत म्हणवून घेते.