लीच चौकडी अखेर सुटली: ‘प्रिव्हॅरिकेट’ आणि त्याचे तीन सोबती

इंग्रजी शब्द पाठ करण्यासाठी मी अँकी हे फ्लॅशकार्डांचे अ‍ॅप वापरते. मागच्या नोंदीत लिहिले होते की त्यातील माझ्या डेकमधील (कार्डांच्या संचातील) लीच, म्हणजे पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या, कार्डांचा आकडा साठच्या पुढे गेला आहे आणि त्यांपैकी चार कार्डे अशी आहेत की एक चुकले की उरलेली तिन्हीही चुकतात. ‘प्रिव्हॅरिकेट’, ‘प्रोक्रॅस्टिनेट’, ‘इक्विव्होकेट’ आणि ‘व्हॅसिलेट’ ही ती चौकडी. तिचा निकाल या महिन्यात लागला. तो ज्या रीतीने लागला, त्यामुळे पुढच्या सहा महिन्यांचा आराखडाच बदलावा लागेल असे दिसते, म्हणून ही नोंद नेहमीपेक्षा लांबणार आहे.

चारही कार्डे मी दोन वर्षांपूर्वी एका तयार डेकमधून जशीच्या तशी उचलली होती. मागच्या बाजूला ‘टाळाटाळ करणे’, ‘टाळणे’, ‘संदिग्ध बोलणे’, ‘अनिश्चित असणे’ असे अर्थ होते. हे अर्थ चुकीचे नाहीत, पण ते एकमेकांत इतके मिसळतात की पुढची बाजू पाहिल्यावर माझ्या मनात चौघांचे मिळून एकच धूसर चित्र उभे राहत असे. अँकीमध्ये आठ लॅप्स झाले, म्हणजे पाठ झालेले कार्ड आठदा चुकले, की कार्ड लीच ठरून बाजूला पडते. या चौघांना मी दोनदा परत आणले आणि दोन्ही वेळा ती पुन्हा बाजूला पडली. मध्यंतरी एफएसआरएसमधील, म्हणजे अँकीत उजळणीच्या वेळा ठरवणाऱ्या पद्धतीतील, अपेक्षित रिटेन्शन (लक्षात राहण्याचे प्रमाण) ९० टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर नेऊन पाहिले. त्याने रोजची उजळणी तेवढी वाढली, चुका मात्र त्याच राहिल्या.

मग व्युत्पत्तीचा आधार घेतला. ‘प्रोक्रॅस्टिनेट’मध्ये ‘क्रास’, म्हणजे लॅटिनमधील ‘उद्या’, दडलेला आहे हे कळल्यावर तो शब्द काहीसा सुधारला. ‘प्रिव्हॅरिकेट’चे मूळ तर त्याहून सुंदर आहे: वाकड्या पायांनी, आडवेतिडवे चालणे. रोमन न्यायालयात आतून प्रतिपक्षाला सामील होऊन आपल्याच पक्षकाराचा खटला पोकळ करणाऱ्या वकिलालाही याच मुळापासूनचे नाव होते. ही माहिती मला फार आवडली आणि मी ती कार्डावर लिहूनही ठेवली, परंतु सकाळी साडेसहाला, शंभर कार्डांच्या रांगेत, रोमन वकील आठवत नाही.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. ओट्याचा नळ चार दिवस गळत होता आणि प्लंबर रोज उद्याचा वायदा करत होता. आई फोन लावताना मला म्हणाली, “नुसती चालढकल चालली आहे याची.” पलीकडून काहीतरी लांबलचक खुलासा सुरू झाला तेव्हा तिने त्याला तोडले: “अहो, उडवाउडवीची उत्तरं देऊ नका. येणार आहात की नाही, तेवढं सांगा.” एकाच माणसाच्या दोन वेगळ्या दोषांना तिने क्षणाचाही विचार न करता दोन वेगळी नावे दिली होती. काम पुढे ढकलणे ही चालढकल, म्हणजे ‘प्रोक्रॅस्टिनेट’. थेट प्रश्नाला सरळ उत्तर न देता शब्दांत गुंडाळणे ही उडवाउडवी, म्हणजे ‘प्रिव्हॅरिकेट’. हा भेद माझ्याजवळ लहानपणापासून होता आणि तरीही कार्डावरची ‘टाळाटाळ’ तशीच ठेवून मी तो पुसून टाकला होता.

त्याच संध्याकाळी उरलेल्या दोघांना बसवले. ‘इक्विव्होकेट’साठी ‘नरो वा कुंजरो वा’ याहून नेमके काही असूच शकत नाही असे माझे मत आहे. उघड खोटे बोलायचे नाही, पण ऐकणाऱ्याचा गैरसमज व्हावा अशा दुहेरी अर्थाचे बोलायचे, हे युधिष्ठिराने द्रोणाचार्यांपुढे जे केले तेच या क्रियापदात आहे. ‘व्हॅसिलेट’साठी आधी ‘धरसोड’ लिहिले आणि दुसऱ्या दिवशी खोडले, कारण धरसोडीत माणूस काहीतरी हाती घेतो आणि सोडून देतो. ‘व्हॅसिलेट’च्या मुळाशी मात्र झोके खाणे, हेलकावणे आहे. दोन निर्णयांमध्ये इकडून तिकडे होत राहण्याला आपल्याकडे ‘तळ्यात-मळ्यात’ आहे, आणि त्यात अंगणातल्या त्या खेळातील उडीसुद्धा आहे.

तरीही ‘प्रिव्हॅरिकेट’ पहिल्या आठवड्यात दोनदा चुकले, तेव्हा मी कार्ड नीट तपासले आणि दुसरा दोष सापडला. त्यावरील उदाहरणवाक्याचा आशय ‘निर्णय घ्यायच्या वेळी मंत्री प्रिव्हॅरिकेट करत राहिले’ असा होता. या वाक्यात उडवाउडवी बसते, चालढकलही बसते आणि तळ्यात-मळ्यातही बसते. स्केल या उदाहरणवाक्ये शोधून देणाऱ्या विनामूल्य साधनावर त्या शब्दाची वाक्ये वाचत गेले तेव्हा लक्षात आले की इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही तो ‘विलंब लावणे’ या अर्थाने सर्रास वापरतात. म्हणजे गोंधळ माझ्या एकटीचा नव्हता, तो माझ्या उदाहरणातच शिरलेला होता. आता तिथे साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील वाक्य घातले आहे: वकील विचारतो की त्या रात्री तुम्ही कुठे होतात, आणि साक्षीदार हवापाण्याविषयी बोलू लागतो. त्या दिवसापासून, म्हणजे गेले तीन आठवडे, चारही कार्डांवर एकदाही ‘अगेन’ (चुकले, पुन्हा दाखवा) दाबावे लागलेले नाही.

याहून मोठा आनंद वेगळाच आहे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक अहवालाचा इंग्रजी मसुदा लिहिताना, सौर पॅनेल आधी की पार्किंगची फरसबंदी आधी या वादात समिती वर्षभर घुटमळली, हे सांगायचे होते. मनात आधी ‘तळ्यात-मळ्यात’ आले आणि त्याच्या पाठोपाठ, शोधाशोध न करता, ‘व्हॅसिलेटेड’ उतरले. ओळखीचा शब्द वापरात आला, असे या डेकमधून मला प्रथमच अनुभवायला मिळाले.

तयार डेकविषयीचे माझे मत आता पक्के झाले आहे: शब्दांची यादी म्हणून ते घ्यावेत, मागची बाजू मात्र स्वतःच लिहावी. कागदी कार्डांकडेही थोडी परतले आहे. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या पहिल्या गठ्ठ्यात शाई मागे उमटत असल्याने उत्तर आधीच दिसत होते, पण दुसऱ्या दुकानातील जाड कार्डे चांगली निघाली. नवा शब्द आठवडाभर कागदावर घडवायचा आणि मगच अँकीत घालायचा, असा क्रम ठेवला आहे.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ‘एनर्व्हेट’साठी ‘गलितगात्र करणे’ छान बसले आणि ‘एनर्जी’शी होणारी गफलत थांबली. ‘मेरिट्रिशस’ (दिखाऊ) आणि ‘मेरिटोरियस’ (प्रशंसनीय) यांचा घोळ मात्र अर्थाचा नसून रूपाचा आहे. शिवाय दोन्ही शब्द ‘कमावणे’ या एकाच लॅटिन मुळाकडे जात असल्याने व्युत्पत्तीने तो वाढतोच. त्यासाठी दोन्ही शब्द एकाच वाक्यात शेजारी ठेवणारे क्लोझ, म्हणजे गाळलेली जागा भरायचे, कार्ड करून पाहणार आहे.

इंग्रजी लेखनाचा ९८ टक्के भाग कळण्यासाठी शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी आठ ते नऊ हजार शब्दकुळांचा (मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कूळ) अंदाज २००६ मध्ये मांडला, आणि तो आकडा गाठण्यासाठी रोज वीस शब्दांचे लक्ष्य मी ठेवले होते. ते सहावर आणत आहे, असे इथे लिहिणार होते. परंतु आईचे वाक्य वर लिहून काढताना वाटले की दिशाच उलटी करावी. इंग्रजी यादीतून मराठीकडे येण्याऐवजी रोज ऐकू येणारा एक मराठी वाक्प्रचार घ्यावा आणि त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधावे. त्यासाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. एकेका मराठी शब्दापुढे त्याने इंग्रजी छटांची जी रांग लावली आहे, तीच मला हवी आहे, फक्त तिथले इंग्रजी जुने असल्याने प्रत्येक शब्द आजच्या वाक्यांवर तपासून घ्यावा लागेल.

पहिला शब्द ‘सारवासारव’ निवडला आहे. ‘एक्स्टेन्युएट’मध्ये चूक सौम्य भासवणे आहे, ‘पॅलिएट’मध्ये तिच्यावर पांघरूण घालणे आहे, पण बोलून गेल्यावर घाईघाईने शेण-मातीचा हात फिरवण्याची जी लगबग मराठी शब्दात आहे, ती दोन्हींत नाही. त्या कार्डाची मागची बाजू रविवारपर्यंत कोरी ठेवली आहे. कुणाकडे तिसरा शब्द असेल तर वाक्यासह कळवावा.