प्रभू येणार, तर मग होम लोन कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर इतकी वर्षं हसून सोडून देतच आले. लोकलच्या डब्यात विचारलंत, ऑफिसात डबे उघडताना विचारलंत, कोविडच्या वेळी तर सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारलंत: "तुमचा येशू केव्हाही परत येणार ना? मग भांडुपच्या वन बीएचकेवर वीस वर्षांचं कर्ज कशाला काढलंस?" यात वाईट हेतू नसतो, कळतं मला. पण दर वेळी एकटीने आख्ख्या धर्माला जामीन राहायचं म्हणजे कंटाळा येतो हो. तुम्ही एकादशी धरता म्हणून मी कधी वैकुंठाचं तिकीट दाखवा म्हटलंय का?

सोपं उत्तर आधी देऊन टाकते. तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, असं खुद्द येशूनेच सांगितलंय, बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायात. तरी हिशेब मांडणारे मांडतातच. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने बायबलातल्या दानिएलाच्या पुस्तकावरून गणित केलं, त्याच्या मागच्या लोकांनी येशू परत येण्याची 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली. काहींनी पीक शेतात तसंच उभं ठेवलं. 23 तारीख नेहमीसारखी उजाडली. त्याच्याही कितीतरी आधी, पहिल्या शतकात, ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातले काही ख्रिस्ती कामधंदा सोडून बसले, तेव्हा प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून खडसावलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. तेव्हा हप्ते भरणं हे काही पाप नाही. झालं उत्तर. (आणि ‘उद्या जग बुडणार असलं तरी आज मी सफरचंदाचं झाड लावीन’ हे वाक्य धर्मसुधारक मार्टिन लूथरचं म्हणून मला फॉरवर्ड करू नका. त्याच्या लिखाणात ते कुठे सापडत नाही.)

पण हे उत्तर देताना मी दर वेळी काहीतरी लपवते. तुम्हाला अपेक्षित आहे तशी तयारी मी एकदा केली होती.

1999 साली मी बावीस वर्षांची होते. आम्ही माझगावला चाळीत राहायचो, बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर. आईबाबांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मला सगळं थंड वाटायला लागलं होतं. तीच गीतं, तोच उपदेश, मग चहा आणि दोन बिस्किटं. तेवढ्यात एक प्रार्थना-गट मिळाला. तिथले ब्रदर तारीख सांगत नसत, पण ‘दोन हजार’ म्हणताना क्षणभर थांबायचे, आणि आम्ही समजायचो. मी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला नाही. आलेलं स्थळ परत पाठवलं. कानातले दानपेटीत टाकले, तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

31 डिसेंबरला आईबाबा वर्षअखेरच्या उपासनेला गेले. आमच्या गटाला तीन दिवसांचा उपास होता, आणि शेवटची रात्र एकट्याने काढायची होती: ‘आपल्या खोलीत जा व दार लावून घे.’ मी वरची कडी लावली, खालची लावली, मेणबत्ती पेटवून जमिनीवर बसले.

पावणेबाराच्या सुमारास दार वाजलं. शेजारच्या काकू. "बाळ, दार उघड गं. फोन करायचाय. ह्यांना कसंतरीच होतंय." मजल्यावर फोन दोनच घरी होता आणि दुसरं घर गावाला गेलेलं, हे मला माहीत होतं. याच काकूंनी बालवाडीपासून चौथीपर्यंत माझं बोट धरून मला शाळेत नेलंय. त्यांच्या बांगड्या दाराच्या फळीवर वाजत होत्या. आणि मी उठले नाही. ब्रदर म्हणाले होते, शेवटच्या घटकेला सैतान ओळखीच्या आवाजात हाक मारतो. मी बायबलातलं 23वं स्तोत्र म्हणायला लागले, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, मोठ्याने, काकूंचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. आता मयतीत ते म्हणतात तेव्हा मी नुसते ओठ हलवते.

मग बारा वाजले आणि बंदरातल्या जहाजांनी भोंगे दिले. दर वर्षी देतात. माझगावात वाढलेल्या पोरीला हे काय नवीन? तरी त्या रात्री दोन-तीन सेकंद मला तो कर्णा वाटला, प्रभू येताना वाजणार तो, शेवटचा. अंगभर काटा आला, हात आपोआप वर गेले. खरं सांगते, तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही, लग्नात नाही, लेक झाली तेव्हाही नाही. हेच सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. भोंगे थांबले. खाली पोरं फटाके फोडत होती. घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

काका वाचले. अर्धांगवायू होता. काकूंनी नाक्यावर धावत जाऊन टॅक्सी आणली, पोरांनी काकांना खुर्चीत बसवून तीन जिने उतरवले. उजवी बाजू गेली ती गेलीच. पुढे नऊ वर्षं ते आमच्या दारासमोरच्या गॅलरीत बसून असायचे. वीस मिनिटं आधी पोचले असते तर फरक पडला असता का? एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, त्या काळात कदाचित नाही. त्या ‘कदाचित’वर मी बरीच वर्षं काढली.

आईला सांगितलं, झोप लागली होती. काकूंनाही तेच. "असू दे गं, उपाशी होतीस ना," म्हणाल्या. चाळीचं दार ते, पलीकडचं सगळं ऐकू यायचं. माझं स्तोत्र त्यांना ऐकू गेलं होतं का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दाराशेजारीच भिंतीवर ते चित्र होतं, येशू दार ठोठावत उभा आहे ते. पुष्कळ ख्रिस्ती घरांत असतं. हे लिहिणार नव्हते, कारण इतकं जुळून आलं की लोकांना रचलेलं वाटतं. पण चित्र तिथे होतं, त्याला मी काय करू?

मत्तयाच्या 25व्या अध्यायातली दहा कुमारींची गोष्ट मी तुम्हाला नाताळच्या केकसोबत कधीतरी ऐकवलीच असेल. वराची वाट बघणाऱ्या दहा जणी, पाचजणींकडे दिव्याचं जादा तेल, पाचजणींकडे नाही. वर येतो, तेलवाल्या आत जातात, दार बंद. मी कायम स्वतःला तेलवाल्यांत धरायचे. त्या दहाही जणींना झोप लागली होती, हे वाक्य शंभरदा वाचूनही दिसलं नव्हतं. त्याच अध्यायाच्या शेवटी न्यायाच्या दिवशी राजा ज्यांना ‘मी आजारी होतो, तुम्ही माझी विचारपूस केली’ म्हणून आत घेतो ते उलट त्यालाच विचारतात, आम्ही तुला आजारी कधी पाहिलं? त्यांना पत्ताच नाही. मला मात्र त्या रात्री पक्का पत्ता होता.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. आजोबा त्याबद्दल कौतुकाने बोलायचे आणि मी ती भेसळ म्हणून उडवून लावायचे. काकू त्या दरबारात सहज बसल्या असत्या. माझं सांगता येत नाही.

पण ती बावीस वर्षांची मुलगी अजून गप्प बसत नाही. ती म्हणते, बाई, तुला काकूंचं निमित्त मिळालं. वाट बघणंच सोडलंस तू. रोज ‘तुझे राज्य येवो’ म्हणतेस आणि लगेच मनात, पण आत्ता नको, लेकीची बारावी आहे. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, धड थंड ना धड गरम अशांना कोमट म्हटलंय ते तुलाच. तिला काय सांगू? बारावी खरंच आहे.

लोनचा शेवटचा हप्ता मार्च 2031 मध्ये. 31 डिसेंबरच्या उपासनेला मी अजूनही जाते, शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसते. पाळकसाहेब बाराच्या आधी सगळ्यांना मोबाईल बंद करायला सांगतात. मी करत नाही. गेल्या वर्षी ऐन प्रार्थनेत वाजला, सगळ्यांनी माना वळवून बघितलं. बाहेर जाऊन घेतला. राँग नंबर. कोणीतरी पप्पू आहे का विचारत होता.