पाइनच्या जंगलातला उतार: दोन फेऱ्या, एक आपटी

आधीच कबूल करतो, पाइनच्या जंगलातला हा ट्रेल, म्हणजे माउंटन बाइकने उतरायची वाट, मी संपूर्ण सायकलवर बसून उतरलेलो नाही. दोन ठिकाणी सायकल हाताने धरून खाली आलो आणि एका ठिकाणी सायकल एकीकडे, मी दुसरीकडे. तरी लिहितोय, कारण निघण्याआधी मी पाहिलेल्या व्हिडिओंमध्ये हा उतार अगदीच साधा वाटला होता. कॅमेऱ्यात उतार नेहमी सपाट दिसतो. प्रत्यक्षात पहिल्या वळणावर थांबून खाली पाहिलं, तर पुढचं चाक कुठे टेकणार तेच कळेना.

ट्रेलच्या तोंडाशी काळ्या डायमंडची पाटी आहे. हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मधला, काळा डायमंड अवघड आणि दोन डायमंड असतील तर अतिअवघड, अशी ही पद्धत. पण एका जंगलातला निळा दुसऱ्या जंगलात काळा ठरू शकतो, त्यामुळे नुसत्या पाटीवर विसंबू नका. त्याच परिसरातला एक निळा ट्रेल आधी उतरून बघा, म्हणजे तिथल्या पाटीचं वजन कळेल. मी तसं केलं नव्हतं.

सगळ्यात जास्त फसवलं ते पाइनच्या सुयांनी. वरून मऊ गालिचा दिसतो, पण खालची माती कडक असेल तर वाळलेल्या सुया चाकाखालून सरकतात आणि टायरचे दात मातीपर्यंत पोचतच नाहीत. शिवाय त्यांच्याखाली मुळं आणि दगड झाकलेले असतात ते वेगळंच. पहिली दोनशे मीटर मी चाचपडत उतरलो. मग लक्षात आलं की जिथे सुया झाडून काढल्यासारख्या बाजूला गेल्या आहेत आणि तपकिरी माती उघडी पडली आहे, तीच बहुतेकांची लाइन, म्हणजे चाक नेण्याची रेघ. त्या पट्ट्यातही वळणाच्या अलीकडे आडव्या लाटा उमटलेल्या असतात. आधीच्या मंडळींनी कुठे घाबरून करकचून ब्रेक दाबला, त्याची ती नोंदच. त्या लाटा सुरू व्हायच्या आधी वेग कमी करा, त्यांच्यावर नाही.

आता माझ्या आपटीबद्दल. पाइनची बरीचशी मुळं जमिनीच्या वरच्या थरात पसरतात आणि वाट झिजली की शिरांसारखी वर येतात. साल घासून गेलेलं मूळ गुळगुळीत असतं, ओलं असेल तर साबणच. तिसऱ्या तीव्र वळणावर असं एक मूळ वाटेला तिरकं गेलंय. मी मागचा ब्रेक धरूनच त्यावर चढलो. मागचं चाक मुळाच्या कडेने खाली घसरत गेलं आणि मी कंबरेवर आपटलो. पॅड गुडघ्यांना होते. कंबरेलाही लागतात हे त्या दिवशी कळलं.

नंतर तिथेच बसून इतरांना उतरताना पाहिलं. ज्यांना जमलं ते सगळे एकच गोष्ट करत होते: मुळाच्या दोन हात आधी वेग कमी करायचा, चाक शक्य तितकं काटकोनात आणायचं आणि मुळावर असताना ब्रेक पूर्ण सोडायचा. फिरणारं चाक मूळ ओलांडून जातं, अडवलेलं चाक मुळाच्या बाजूने घसरतं. हे वाचायला सोपं आहे. उतारावर बोट ब्रेकच्या लीव्हरवरून उचलायला मन तयार होत नाही, खरी अडचण ती.

पडल्यावर ब्रेकचा लीव्हर मोडला नाही, नुसता हँडलवर फिरला, कारण त्याचा क्लॅम्प मी गरजेपेक्षा जास्त आवळत नाही. तुम्हीही आवळू नका. गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर मात्र वाकला. आपल्या सायकलला बसणारा जादा हँगर पिशवीत असू द्या. दुसऱ्याचा बसेलच असं नाही, सायकलीगणिक त्यांचा आकार बदलतो.

मधल्या टप्प्यात दगडांचा लांब पट्टा आहे, रॉक गार्डन. तिथे आधी चालत जाऊन लाइन बघा. डावीकडची वाट वरून मोहक दिसते, पण ती दोन झाडांच्या मध्ये संपते. माझं हँडल ७८० मिलिमीटर रुंद, ते त्यातून जेमतेम निघालं असतं. उजवीकडची वाट खडबडीत असली तरी सरळ आहे. पेडल एका पातळीत, टाचा खाली, नजर चाकासमोर नाही तर पट्ट्याच्या शेवटाकडे. ज्या झाडाकडे टक लावाल, सायकल त्याच झाडाकडे जाईल. रॉक गार्डनच्या खालचा ड्रॉप, म्हणजे वाटेतली उभी पायरी, मी चालत उतरलो. तो चाक टेकवत उतरता येत नाही, आणि उडी घेऊन खाली टेकण्याचा सराव माझा नाही.

ब्रेक सतत घासत उतरल्यामुळे अर्ध्यावर करपल्याचा वास आला आणि ब्रेकची पकड ढिली पडली. तेव्हा मुकाट थांबा आणि डिस्कला हात लावू नका, चटका बसतो. लांब उतारासाठी रेझिनच्या ब्रेक पॅडपेक्षा धातूमिश्रित पॅड उष्णता जास्त सोसतात. आवाज करतात, तेवढं चालवून घ्या. थांबण्याचा दुसरा फायदा हातांना. माझे पंजे इतके आखडले होते की पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना.

टायरमधल्या हवेबद्दल: माझं वजन ७२ किलो, टायर ट्यूबलेस, पुढे २४ आणि मागे २७ पीएसआय. हेच आकडे जसेच्या तसे उचलू नका, पण डांबरी रस्त्याची हवा ठेवून इथे येऊ नका. सीट खाली-वर करणारा ड्रॉपर असेल तर उतार सुरू होण्याआधीच सीट पूर्ण खाली करा. काळा चष्मा गाडीत ठेवा; झाडांमधून ऊन-सावलीचे पट्टे इतक्या झपाट्याने बदलतात की सावलीतला दगड दिसतच नाही. पारदर्शक काच बरी. हेल्मेट हनुवटी झाकणारं हवं, यावर मी वाद घालणार नाही.

जेवणानंतर पुन्हा वर गेलो. त्या तिरक्या मुळापाशी आल्यावर आधीच वेग कमी केला, बोट उचललं, खडखड झाली आणि पार झालो. पुढच्या वळणावर लगेच गोंधळ घालून पाय टेकवला. रॉक गार्डन उजवीकडून निघालं. ड्रॉप दुसऱ्यांदाही चालतच उतरलो.