मंदिर कुणाचं शरीर?

मागच्या आठवड्यात चर्चच्या तरुणांच्या शिबिरात मुलींना वेगळं बसवून तासभर कपड्यांवरच बोलले. ओढणी अशी घ्या, लेगिंग नको, आणि बायबलचं वचन कुठलं तर १ करिंथ ६:१९, तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. मुलं तेवढा वेळ बाहेर निंबाखाली क्रिकेट खेळत होती. नंदुरबारचा मे महिना, अंगाची नुसती लाही होते, आणि भाची घरी येऊन म्हणते, फुई, मला माझ्याच अंगाची लाज वाटायला लागली.

मला रात्री झोप येईना म्हणून तो अध्याय काढला. जरा मागून, १३ पासून वाचा ना! हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथं वेश्येकडे जाणाऱ्या पुरुषांना खडसावतोय. करिंथ म्हणजे बंदराचं, पैशाचं शहर, शरीराचं काय एवढं असं तिथले काहीजण मानायचे, त्यांना तो सांगतो की शरीर प्रभूसाठी आहे आणि प्रभू शरीरासाठी. म्हणजे हे वचन आधी ज्यांनी ऐकायचं ती मुलं बाहेर बॅटिंग करत होती. मत्तय ५ मध्ये पण येशू वाईट नजरेने बघणाऱ्याला स्वतःचा डोळा उपटून टाक म्हणतो, बाईला पदर नीट घे म्हणत नाही. आणि १ तीमथ्य २:९ मध्ये साजेसा पोशाख आहेच, मी नाकारत नाही, पण लगेच पुढे सोनं, मोती, भारी कपडे नकोत असंही आहे, ते आमच्या लग्नांमध्ये कोण वाचतं?

मर्यादा मला कळली ती आजीच्या शेवटच्या दिवसांत. ती अंथरुणाला खिळलेली, शुद्ध अशी नाहीच, आणि आई तिचं अंग पुसताना चादरीचं एक टोक दातात धरायची, हात पुसला की हात झाकायचा, मग पाय, मग पाठ, खोलीत आम्ही दोघीच असलो तरी. आजीला काहीच कळत नव्हतं. तरीही. एदेन बागेत चूक झाल्यावर देवाने आदाम-हव्वेला स्वतः चामड्याची वस्त्रं करून घातली, उत्पत्ती ३:२१, ते वाचलं की मला आईचे ते हात दिसतात.

भाचीला मी हेच सांगितलं, ती बराच वेळ गप्प बसली, मग चादर दातात का, असं विचारलं. दोन्ही हात ओले असायचे ना गं.

पाळकांना फोन केलाय, पुढच्या वेळी सहावा अध्याय मुलंमुली एकत्र बसवून पूर्ण वाचा म्हणून. बघू म्हणालेत.